जुनी पिकअप : तिच्या खोडी व तिचा हिशेब

बैल विकत घेण्यास निघालेला शेतकरी बाजारात किती चौकस असतो, हे सर्वांस ठाऊक आहे. तो दात पाहतो, खूर उचलून पाहतो, वशिंडावर हात फिरवितो, चार पावले चालवून पाहतो. आणि एवढ्यानेही समाधान झाले नाही तर औताला जुंपून पाहिल्याशिवाय तो रुमालाखाली हात घालीत नाही. परंतु हाच शेतकरी जुनी मोटार घेण्यास गेला म्हणजे त्याची सारी चौकसबुद्धी कोठे जाते, हे कळत नाही. नवा रंग, हौद्यावर काढलेली फुले आणि कर्ण्याचा दणदणीत आवाज एवढ्यावर तो भुलतो व इसाराची रक्कम मोजून मोकळा होतो. प्रस्तुत लेखकही याच मालिकेतील एक होय. आपल्या हातून झालेल्या चुका चारचौघांत सांगणे कोणासही आवडत नाही. तथापि त्या सांगितल्याने एखाद्या घरावरचा प्रसंग टळेल अशी आशा वाटल्यावरून हे चार शब्द लिहीत आहे.

आमचे गाव सोनारी, तालुका परंडा, जिल्हा धाराशिव. श्रीभैरवनाथाचे देवस्थान व तेथील चैत्रातली यात्रा यांमुळे या गावाचे नाव दूरवर माहीत आहे. आमची जमीन नऊ एकर. तीत कांदा, तूर व ज्वारी ही पिके होतात. धान्य बार्शीच्या पेठेस व कांदा सोलापूरच्या आवारात नेण्याचा आमच्या भागाचा प्रघात आहे. भाड्याची गाडी ऐन लिलावाच्या हंगामात वेळेवर मिळत नाही, आणि मिळाली तर तिचा धनी तोंडाला येईल तो दर सांगतो. या त्रासास कंटाळून आम्ही जानेवारी २०२० मध्ये २०११ साली बांधलेली एक डिझेल पिकअप २,६०,००० रुपयांस विकत घेतली.

पूर्वपीठिका

आमच्या आजोबांच्या काळी हाच माल बैलगाडीने जात असे. परंडा तेव्हा निजामाच्या मुलखात व बार्शी इंग्रजी अमलात; त्यामुळे शेजारची पेठ गाठण्यास दोन राज्यांची हद्द ओलांडावी लागे. ही हद्द १९४८ साली हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाल्यावर मिटली. बार्शी लाइट रेल्वेचा बार्शी ते कुर्डुवाडी हा अरुंद लोहमार्ग १८९७ साली सुरू झाला. आणि त्याच वर्षी जर्मनीत रुडॉल्फ डिझेल याचे यंत्र पहिल्यानेच कसोटीस उतरले. त्या यंत्राचा वंशज सव्वाशे वर्षांनी आपल्या गोठ्याशेजारी उभा राहील, असे त्या वेळी कोणास वाटले असेल? आपल्या देशात जीपगाड्यांची जुळणी १९४७ साली सुरू झाली, आणि २००५ साली 'छोटा हत्ती' या नावाने लोक ओळखतात ती लहान मालगाडी निघाल्यापासून तर अशा वाहनांचा प्रसार खेडोपाडी झाला. बैल गेला व पिकअप आली. मात्र बैलाला पाजावे, चारावे व विश्रांती द्यावी लागते हे जसे आपणांस पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते, तसे यंत्राविषयी अद्याप झालेले नाही. लोखंडाला थकवा येत नाही, अशी आपली समजूत आहे. तीच सर्व अनर्थाचे मूळ आहे.

खरेदीच्या दिवशी काय पाहावे

आम्ही गाडी पाहण्यास गेलो तेव्हा विकणाऱ्याने ती आधीच चालू करून ठेविली होती. 'तुम्हास वेळ नको लागायला म्हणून' असे त्याने सांगितले व आम्हासही त्याचे अगत्य वाटले. वास्तविक, जुने डिझेल यंत्र पहाटेच्या गारठ्यात, अगदी थंड असताना, पहिल्या झटक्यास चालू होते की नाही, हीच त्याची खरी परीक्षा. तापलेले यंत्र आपली खोड लपविते. धुराकडेही पाहावे. काळा धूर सतत येत असेल तर हवेची जाळी तुंबली आहे अथवा नोझल बिघडले आहे असे समजावे. निळसर धूर म्हणजे यंत्र आपलेच तेल जाळीत आहे. आणि यंत्र गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल तर पाणी आत शिरत असल्याचा संशय घ्यावा. तेल मोजण्याची पट्टी काढून पाहावी. तिच्यावरचे तेल दुधाळ दिसले तर त्या गाडीपासून दूर व्हावे, हे उत्तम.

किलोमीटरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नये. तो मागे फिरविता येतो. त्यापेक्षा पायाखालच्या क्लचचे व ब्रेकचे रबर किती झिजले आहे ते पाहावे; ते खोटे बोलत नाही. टायरच्या अंगावर चार आकडी खूण असते. तिचे पहिले दोन अंक आठवड्याचे व शेवटचे दोन वर्षाचे. ३५१८ असे असेल तर तो टायर २०१८ सालच्या पस्तिसाव्या आठवड्यातला. नक्षी शिल्लक दिसली तरी जुनाट रबर उन्हात फुटते. शेवटी गाडीखाली वाकून सांगाड्यावर कोठे नवे वेल्डिंग आहे काय हे पाहावे, व सांगाड्यावरचा क्रमांक पुस्तकातील क्रमांकाशी अक्षरशः ताडून घ्यावा. हे सर्व करण्यास एक प्रहर पुरतो. आम्ही चहा पिण्यात घालविला.

कागद

महसूल खात्यात कारकुनी करण्यात माझी उमर गेली. सातबाऱ्यावर नाव लागल्याशिवाय जमीन आपली नव्हे, आणि इतर हक्कांत बोजा असेल तर तो उतरविल्याशिवाय खरेदी करू नये, हा उपदेश मी शेकडो लोकांस केला असेल. पण घरची गाडी घेताना मीच तो विसरलो. गाडीच्या पुस्तकावर पूर्वीच्या धन्याच्या कर्जाचा बोजा होता. कर्ज फिटले होते. परंतु सावकार संस्थेचा ना-हरकत दाखला त्याने घेतला नव्हता व बोजा उतरविला नव्हता. त्यामुळे चौदा महिने गाडी आमच्या अंगणात आणि नाव दुसऱ्याचे, अशी अवस्था राहिली. दंडाच्या नोटिसा त्याच्या घरी जात, तो आम्हास फोनवर रागे भरे, आणि शेवटी सहीसाठी त्याने अधिक पैसेही मागितले.

आपल्याच जिल्ह्यातील उपळा या गावी ३२ एकर जमीन वानरांच्या नावे नोंदलेली आहे, ही बातमी २०२२ साली सर्वत्र छापून आली होती. ती वाचून घरातील मंडळी हसली, तेव्हा मी म्हणालो, "हसू नका, वानरांनी आपली नोंद करून घेतली, आपणांस चौदा महिने ते जमले नव्हते."

यातील कायदा असा. त्याच राज्यात विक्री झाली असता विकणाऱ्याने १४ दिवसांत व घेणाऱ्याने ३० दिवसांत परिवहन कार्यालयास कळविले पाहिजे. विमा आपल्या नावे करून घेण्याचा अर्जही १४ दिवसांत द्यावयाचा असतो. नोंद न बदलता गाडी दिली आणि अपघात झाला, तर पुस्तकात ज्याचे नाव तोच भरपाईस जबाबदार, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केले आहे. म्हणजे जुनी गाडी विकणाऱ्या शेतकऱ्यानेही 'पैसे मिळाले, काम संपले' असे समजून चालणार नाही. मालवाहू गाडीचे वय आठ वर्षांपेक्षा अधिक झाले म्हणजे योग्यतेचा दाखला, ज्यास आपण पासिंग म्हणतो, दरवर्षी घ्यावा लागतो. एक गोष्ट मात्र सोयीची आहे : ज्याच्यापाशी हलक्या वाहनाचा परवाना आहे त्यास ७,५०० किलोंपर्यंतचे मालवाहन चालविण्यास वेगळा परवाना लागत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कायम केला.

पहिली खोड : पाणी

मार्च २०२१ मधील गोष्ट. पुस्तकाप्रमाणे गाडीचा भार १,२५० किलो. आम्ही पन्नास किलोंची ३४ पोती कांदा भरला, म्हणजे १,७०० किलो. वैरागच्या अलीकडे दुपारच्या उन्हात यंत्राचा काटा तांबड्या रेघेजवळ गेला, आणि थोड्या वेळाने आपोआप खाली आला. काटा उतरला म्हणून आम्हास बरे वाटले. प्रत्यक्षात रेडिएटरमधील पाणी संपल्यामुळे काट्याची तार पाण्याऐवजी नुसत्या वाफेत राहिली होती व म्हणून तो उष्णता दाखवीनासा झाला होता. मग वाफेचा लोट आला. मी उतावीळपणे झाकणावर पोते टाकून ते फिरविले. दाबाखाली असलेले पाणी शंभर अंशांच्या वर गेले तरी उकळत नाही. पण झाकण सैल होताच दाब सुटतो व ते एकदम उसळते. माझा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. एवढ्यावर भागले नाही. चिरंजीवाने जवळच्या विहिरीचे गार पाणी आणून तापलेल्या यंत्रात ओतले. तव्यावर पाणी मारले असता तो जसा चर्र करून वाकतो, तसे यंत्राचे डोके वाकले व त्याखालचे गॅस्केट फुटले.

मिस्त्रीने रेडिएटर कापून दाखविला तेव्हा सारा उलगडा झाला. नळ्यांच्या आत पांढरी खपली जमली होती. आपल्या पाणी तापविण्याच्या बंबाच्या तळाशी बसते अगदी तशीच. आमच्या भागातील बोअरचे पाणी जड, क्षारयुक्त. तेच पाणी पूर्वीच्या धन्याने व आम्हीही वर्षानुवर्षे भरले होते. खपलीने नळ्या अर्ध्या बुजल्या, भार दीडपटीजवळ गेला व वर मार्चचे ऊन, अशी तीन कारणे एकत्र आली. सबब रेडिएटरमध्ये बोअरचे पाणी घालू नये. कूलंट व शुद्ध केलेले पाणी यांचे मिश्रण घालावे व ते ठरल्या मुदतीत बदलावे. गाडी तापली तर ती सावलीस उभी करून निदान अर्धा तास झाकणास हात लावू नये, व ती निवाल्याशिवाय गार पाणी घालू नये. त्या दिवशीचा लिलाव आमचा हुकला. दुसऱ्या दिवशी कांद्याचा भाव क्विंटलमागे दीडशे रुपयांनी उतरला, आणि गाडीस ३१,००० रुपये लागले.

किरकोळ खोडी

डिझेल पूर्ण संपू दिले तर नळ्यांत हवा धरते व नंतर टाकी भरली तरी यंत्र चालू होत नाही. जुन्या बनावटीत हाताच्या पंपाने ही हवा काढता येते; ती कृती प्रत्येक चालकाने एकदा मिस्त्रीसमोर करून शिकावी. परंतु नव्या पद्धतीच्या यंत्रात नोझलकडे जाणाऱ्या जाड नळ्या स्वतः सैल करण्याच्या भरीस पडू नये. तेथील दाब इतका प्रचंड असतो की डिझेलची धार कातडीत शिरते. पावसाळ्यात जाळीखाली साचलेले पाणी दर पंधरवड्यास सोडून द्यावे. बॅटरीच्या टोकांवर पांढरा-हिरवा फुलोरा आला तर तो गरम पाण्याने धुवावा व कोरडे करून व्हॅसलीन लावावे. पौषातील पहाटे 'सेल्फ' न लागण्याची निम्मी कारणे एवढ्यातच असतात.

गाडी कडब्याच्या गंजीजवळ उभी करू नये. उंदरांनी आमच्या तारा दोनदा कुरतडल्या. वानरांचा उपद्रव तर आमच्या गावास नवा नाही; काचेवरील वायपरचे रबर ओढून नेण्यात त्यांना विशेष गोडी वाटते. त्याचा राग मानण्यात अर्थ नाही. पावसाळ्यापूर्वी वायपर पाहून घ्यावेत म्हणजे झाले.

दुसरी खोड : ओझे

जादा माल बसावा म्हणून मागील धुऱ्यावर एखाददुसरा पाटा वाढवून घेण्याची चाल आपल्याकडे सार्वत्रिक आहे. आम्हीही तो वाढविला. गाडी बसेनाशी झाली व ती अधिक भार सोसते असा आमचा ग्रह झाला. पण पाटा वाढविल्याने फक्त पाट्याची शक्ती वाढते. धुरा, टायर, क्लच व ब्रेक होते तेवढेच राहतात. पाटे जर न वाढविते तर गाडी मागे बसून आपणांस इशारा तरी देती. पाटे वाढवून आपण तो इशाराच बंद करतो. आमची क्लच प्लेट पहिल्या दीड वर्षातच जळाली, आणि काळ्या रानातील ओल्या वाटेवर रुतलेली भरली गाडी काढताना मुख्य पाटा तुटला. कायद्याचा भागही लक्षात ठेवावा : २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा भारास २०,००० रुपये व त्यावर प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये इतका दंड कायद्यात सांगितला आहे.

पैशाने भरून निघणारे नुकसान येथवर सांगितले. आता जे पैशाने भरून निघत नाही ते सांगतो.

तिसरी खोड : ब्रेक

मे २०२३ मध्ये पुतण्याचे लग्न झाले. नव्या जोडप्यास तुळजापूरला देवीच्या दर्शनास नेण्याचे ठरले. दोन दिवस आधी मिस्त्रीने चाक उघडले होते. तो म्हणाला, "भाऊसाहेब, मागच्या चाकात तेल झिरपतंय. सिलिंडर बदला, आन् ब्रेकचं तेलबी बदलून टाका. दोन तासाचं काम हाय." खर्च विचारला. सिलिंडर व तेल मिळून तेराशे रुपये. मी म्हणालो, "लग्न उरकू दे, मग पाहू." पैसे नव्हते असे नाही. मांडववाल्यास त्याच दिवशी मी याच्या कितीतरी पट रक्कम विनातक्रार दिली होती.

हौद्यात सतरंजी अंथरून चौदा माणसे बसली. माल वाहण्याच्या गाडीत माणसे नेऊ नयेत हे मला ठाऊक होते. पण नवऱ्यामुलीसमोर 'नाही' म्हणण्याचे धैर्य झाले नाही. दर्शन झाले. परतताना धाराशिव, येडशी करून बालाघाटाचे पठार सोडून बार्शीकडे उतरू लागलो. चिरंजीव गाडी चालवीत होता, मी त्याच्या शेजारी होतो. उतारावर त्याने गाडी वरच्या गिअरमध्येच ठेविली होती आणि वेग आवरण्यास तो पुनःपुन्हा ब्रेक दाबीत होता. एका वळणाअलीकडे तो हळूच म्हणाला, "बाबा, पाय खाली चाललाय." मागे मुली गाणी म्हणत होत्या.

त्याने गिअर खाली घेतला, हँडब्रेक ओढला, आणि रस्त्याच्या कामासाठी कडेस टाकलेल्या मुरुमाच्या ढिगात गाडी घातली. गाडी उलटली नाही, ही भैरवनाथाची कृपा. माझ्या धाकट्या भावाच्या पत्नीचे मनगट मोडले व एका आठ वर्षांच्या मुलाच्या कपाळास सहा टाके पडले. त्या ढिगापलीकडे दहा हातांवर रस्त्याची कड होती व खाली खोल ओघळ होता. तो मी नंतर एकटाच जाऊन पाहून आलो.

हे का घडले, ते नीट समजून घेतले पाहिजे. मागच्या सिलिंडरमधून झिरपलेले तेल लायनरवर पसरले होते; त्यामुळे मागील चाके जवळजवळ धरीतच नव्हती. सारा भार पुढच्या ब्रेकवर आला व तो तापला. ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषून घेते. नेहमीच्या डॉट-३ जातीच्या नव्या तेलाने निदान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये, असे मानक आहे. तेच तेल ओलावा शोषून जुने झाले म्हणजे मानकातील ही मर्यादा १४० अंशांवर येते. आमच्या गाडीत तेल केव्हा बदलले होते ते कोणासच ठाऊक नव्हते. ते उकळले, नळीत वाफ झाली. आणि वाफ दाबली जाते, तेल दाबले जात नाही. म्हणून पाय खाली गेला. गाडीचा वेग दुप्पट झाला म्हणजे तिला थांबविण्यास चौपट शक्ती लागते, आणि ती सारी शक्ती ब्रेकमध्ये उष्णता होऊन उतरते. यास्तव घाट उतरताना गाडी आरंभीच खालच्या गिअरमध्ये घालावी व वेग यंत्राने आवरावा. ब्रेक अधूनमधून लावावा. ज्या गिअरने चढ चढतो त्याच गिअरने उतरावे, हा जुन्या चालकांचा नियम खरा आहे.

कोणी दगावते तर काय झाले असते? मालवाहू गाडीत मालाचा धनी वा त्याचा माणूस, तोही ठरावीक संख्येत, बसू शकतो. परंतु फुकट नेलेल्या प्रवाशांची भरपाई करण्यास विमा कंपनी बांधलेली नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने या शतकाच्या आरंभीच ठरविले आहे. म्हणजे तो बोजा आमच्या नऊ एकरांवर आला असता. पण खरे सांगावयाचे तर त्या रात्री मला जमिनीची आठवणही झाली नाही. बार्शीच्या रुग्णालयात भावजय म्हणाली, "दादा, तुम्ही मनाला लावून घेऊ नका, गाडी जुनीच होती." गाडी जुनी होती हे खरे, पण ती जुनी आहे हे मिस्त्रीने मला सांगितले होते, आणि मी ते ऐकले नव्हते. तिला अद्याप भाकरी थापताना मनगटात कळ येते.

जमाखर्च

या प्रसंगानंतर मी २०२० ते २०२२ या तीन वर्षांची बिले गोळा करून हिशेब मांडला. तो येणेप्रमाणे :

टायर ३८,०००, रेडिएटर व यंत्राचे डोके ३१,०००, क्लच १४,५००, पाटे ९,०००, बॅटरी ६,५००, किरकोळ २२,०००, विमा, पासिंग व कर ७२,०००. एकूण रुपये १,९३,०००. शिवाय २,६०,००० ची गाडी तीन वर्षांनी १,७०,००० ची उरली, म्हणून घट ९०,०००. एकंदर २,८३,०००, म्हणजे दरसाल सुमारे ९४,००० रुपये. यात डिझेल व चिरंजीवाची मेहनत धरलेली नाही.

सोलापूरच्या एका खेपेस भाड्याची गाडी तेव्हा ४,८०० रुपये घेई व आमचे डिझेल १,८०० रुपयांचे जळे. म्हणजे खेपेमागे ३,००० रुपयांची बचत. या मानाने वर्षास ३२ खेपा झाल्या तर गाडी आपला खर्च भागविते. आमच्या नऊ एकरांच्या खेपा वर्षास वीसच होत होत्या. म्हणजे आम्ही ज्या भाड्याच्या त्रासास कंटाळून गाडी घेतली, त्या भाड्यापेक्षा गाडी महाग पडली. आणि हे आम्हास तीन वर्षे कळले नाही, कारण हिशेब लिहिला नव्हता. दुसरी गोष्ट अशी की, विमा व कर वगळता दुरुस्तीवर जे १,२१,००० रुपये गेले, त्यांपैकी रेडिएटर, क्लच व पाटे यांचे ५४,५०० रुपये केवळ जड पाणी व जादा ओझे यांमुळे गेले. शंभरात पंचेचाळीस रुपये गाडीच्या वयाचे नव्हेत, आमच्या हयगयीचे.

गाडी विकावी, असे घरात बोलणे झाले. पण ती खोड न सांगता विकणे माझ्या मनास पटेना, आणि खोड सांगून घेणारा मिळेना. शेवटी शेजारच्या दोन शेतकऱ्यांशी ठराव केला : त्यांचा माल आमच्या गाडीने जावा, दर आधी ठरलेला असावा, ओझे पुस्तकाप्रमाणेच असावे. खेपा पस्तिसांवर गेल्या, व २०२४ साली गाडीने प्रथमच आपला खर्च भागविला.

काही नियम

ज्यांच्यापाशी अशी गाडी आहे अथवा जे ती घेणार आहेत, त्यांच्या उपयोगासाठी आमच्या घरी सांप्रत पाळले जाणारे नियम देतो.

१. वर्षास किती खेपा होतील याचा अंदाज कागदावर मांडल्याशिवाय गाडी घेऊ नये. खेपा कमी असतील तर दोघा-तिघांनी मिळून वापरावी.

२. बोजा उतरल्याशिवाय व सह्या झाल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये.

३. किमतीच्या पाचव्या हिश्श्याइतकी रक्कम पहिल्या दुरुस्तीसाठी बाजूस काढून ठेवावी. ती न उरेल तर स्वस्त गाडीही आपणांस महाग आहे असे समजावे.

४. दर शनिवारी यंत्र थंड असताना पाच गोष्टी पाहाव्यात : यंत्रतेल, कूलंट, ब्रेकच्या तेलाची बाटली, टायरची हवा (स्टेपनीसह) व बॅटरी. यास पाव तास लागतो.

५. ब्रेकचे तेल दोन वर्षांनी बदलावे, मग ते स्वच्छ दिसो वा न दिसो. बाटलीतील तेल कमी होत असेल तर वरून भरून स्वस्थ बसू नये. ते कोठे जाते हे शोधावे.

६. गाडीत जॅक, टॉमी, पाने, पंख्याचा पट्टा, दोन फ्यूज, पाच लिटर शुद्ध पाणी व दोन लाकडी ओंडके असावेत. चाक बदलताना ओंडके दुसऱ्या चाकांस लावल्याशिवाय गाडीखाली जाऊ नये.

७. एक वही असावी. तीत तारीख, किलोमीटर, काम व रक्कम लिहावी. मिस्त्रीने सांगितलेले परंतु न केलेले काम तांबड्या शाईने लिहावे, व ते होईपर्यंत गाडी गावाबाहेर नेऊ नये.

८. हौद्यात माणसे बसवू नयेत. यात्रा असो, लग्न असो, की परतीची रिकामी खेप असो.

या शेवटच्या नियमाने आम्हास चार नातलगांचा रोष पत्करावा लागला. गेल्या चैत्रातील यात्रेस वाटेत उभ्या असलेल्या ओळखीच्या म्हाताऱ्यांस सोडून रिकामी गाडी पुढे नेताना चिरंजीवासही संकोच वाटला. ते साहजिक आहे. अशा वेळी त्यांच्यासाठी भाड्याची जीप ठरवून तिचे पैसे आपण द्यावेत. आम्ही तसे केले आहे आणि वहीत ती रक्कम गाडीच्याच खाती लिहिली आहे.

असो. लेख लांबला याबद्दल वाचकांची क्षमा मागतो. ज्या बंधूंनी जुन्या गाड्या आमच्यापेक्षा अधिक शहाणपणाने चालविल्या असतील, त्यांनी आपले अनुभव, विशेषतः आपल्या खेपांचे व खर्चाचे आकडे, या मासिकाकडे अवश्य पाठवावेत. आपल्या गाडीच्या ब्रेकचे तेल शेवटचे केव्हा बदलले हे ज्यांस आठवत नसेल, त्यांनी मात्र आधी मिस्त्रीकडे जावे व पत्र मागाहून लिहावे, अशी विनंती आहे.